'अशक्तपणा' असं मी लिहिलं

माझ्या वहिनीनं तिचा आजार लपवला, असं आमच्या घरात सत्तावीस वर्षं बोललं जातं. कुणाच्या दुखण्याचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतं, त्या माउलीनं शेवटपर्यंत कुणाला कळू दिलं नाही. बाकीचे माना हलवतात. त्या माना हलवणाऱ्यांत मीही असायचो.

ते खरं नाही. वहिनीनं सांगितलं होतं. मला सांगितलं होतं, दिवसाढवळ्या, स्वच्छ शब्दांत. ते पुढं डॉक्टरांना सांगायचं काम तिनं माझ्यावर सोपवलं होतं आणि मी ते केलं नाही. मला लिहायचं आहे ते एवढंच. बाकी सगळा ते कसं घडलं त्याचा तपशील.

देवळाली प्रवरात एका डॉक्टरांकडे मी एकतीस वर्षं कंपाउंडर होतो. आताच्या पोरांना कंपाउंडर म्हणजे काय हे समजावून सांगावं लागतं. गोळ्यांच्या पुड्या बांधायच्या, सुया उकळायच्या, जखमा धुवायच्या, सलाईन लावायचं. पण माझं खरं काम खिडकीतलं होतं. आलेल्या पेशंटनं आधी खिडकीशी यायचं, मी नाव, गाव, वय विचारायचं, काय होतंय ते विचारायचं आणि केसपेपरवर एका ओळीत लिहायचं. तो कागद घेऊन पेशंट आत जायचा. डॉक्टर कागद वाचायचे, नाडी बघायचे, छातीला नळी लावायचे आणि औषध लिहायचे. बाजाराच्या दिवशी शंभरावर माणूस असायचं. प्रत्येकाची हकिकत ऐकत बसायला त्यांना वेळ नव्हता. डॉक्टर माणूस वाईट नव्हता. कागदावर लिहिलेल्यावर त्यांचा विश्वास होता, इतकंच. माझं अक्षर चांगलं आहे असं ते चारचौघांत म्हणायचे आणि मला ते आवडायचं.

खिडकी ओट्यावर उघडायची. ओट्यावर लांब बाक, त्यावर पुरुषमाणसं बसलेली. कुणी उसाची तोड कधी मिळणार यावर बोलतोय, कुणी बिडी विझवून कानावर ठेवतोय. खिडकीशी बोललेला शब्द बाकावर ऐकू जायचा. खोकला, ताप, हगवण यांना काही अडचण नव्हती. अडचण बायकांची होती.

बाई खिडकीशी यायची, पदर पुढं ओढायची आणि म्हणायची, 'तसलंच हाय जरा.' किंवा 'खाली जड वाटतं.' किंवा नुसतंच 'बायकांचं.' पहिल्या एक-दोन वर्षांत मी विचारायचो, म्हणजे काय? मग ती गप्प व्हायची, बाक कान टवकारायचा आणि मी घामाघूम. नंतर मी एक युक्ती काढली. बाई अडखळली की मी हात वर करायचो. कळलं, बसा, म्हणायचो आणि कागदावर लिहायचो, अशक्तपणा. बाईच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसायचं. आत डॉक्टर पापणी खाली ओढून बघायचे, रक्त कमी आहे म्हणायचे आणि पिवळी बाटली लावायला सांगायचे. सलाईनमध्ये व्हिटॅमिनचं इंजेक्शन टाकलं की ती बाटली पिवळी व्हायची. आमच्या भागात त्या पिवळ्या बाटलीवर लोकांचा फार भरवसा. बाई तासभर खाटेवर पडायची, उठून बरं वाटतंय म्हणायची आणि वस्तीवर निघून जायची.

मला वाटायचं, मी त्यांची अब्रू राखतो. बायकाही म्हणायच्या, खिडकीतले भाऊ समजदार आहेत, जास्त विचारत नाहीत. हे कौतुक मी घरी येऊन सांगायचो. लाज त्यांना जितकी वाटत होती त्याच्यापेक्षा मला जास्त वाटत होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल आणि मी तिकडं पाहिलं नसेल.

एकीनं मात्र मला सोडलं नव्हतं. सत्तरीची म्हातारी, पाच बाळंतपणं शेतात झालेली. मी अशक्तपणा लिहायला लागलो तसा तिनं खिडकीच्या गजावर हात आपटला.

"आरं बाबा, अशक्तपना न्हाई. माझं अंग बाहेर येतंय शिंकलं की. तसं लिव."

बाक हसायला लागला. म्हातारी वळून त्यांना म्हणाली, "हसा. तुमी समदे तिथूनच आलाय."

माझे कान तापले. आणि मी काय लिहिलं? कंबरदुखी. म्हातारीला वाचता येत नव्हतं. ती आत जाऊन कंबरेचं मलम घेऊन आली. नंतर पुन्हा कधी दिसली नाही.

अशा किती जणी. कुणाचं अंगावरून पांढरं जायचं आणि त्याला वास यायचा. कुणाची पाळी दहा-दहा दिवस थांबायची नाही. कुणाला खोकल्यावर लघवी व्हायची म्हणून ती लग्नाला जायची बंद झालेली. एकीनं छातीवर हात ठेवून 'हितं गाठ हाय' म्हटलं होतं, दुखत नाही असंही म्हणाली होती आणि दुखत नाही म्हणजे काही नसेल असं मी, बारावी शिकलेल्या माणसानं, ठरवून टाकलं होतं. सगळ्यांच्या कागदावर माझ्या चांगल्या अक्षरात तोच एक शब्द.

आता वहिनी.

माझी आई मी आठ वर्षांचा असताना गेली. दोन वर्षांनी थोरल्या भावाचं लग्न झालं आणि सतरा वर्षांची वहिनी आमच्या वस्तीवर आली. मी दहा वर्षांचा, नाक पुसता येत नसलेला. पण दीर म्हणून ती मला पहिल्या दिवसापासून 'भावजी' म्हणाली आणि 'अहो-जाहो' करत राहिली. 'भावजी, तुमी आंघोळ केली का,' असं ती विचारायची तेव्हा शेजारच्या बायका हसायच्या. तिनं मला वाढवलं. शाळा सोडून द्यायच्या बेताला आलो होतो तेव्हा भावाशी भांडून तिनं मला बारावीपर्यंत नेलं. तेरा-चौदा वर्षांचा असताना मला जांघेत गळू झालं होतं. लाजेनं मी कुणाला सांगितलं नाही, लंगडत शाळेत जात राहिलो. ताप चढला तेव्हा वहिनीनं ओळखलं. मी पांघरूण घट्ट धरून बसलो होतो. ती रागावली नाही. म्हणाली, 'अंगाला काय झालं ते सांगायला कसली आलीय लाज? अंग समद्यांना हाय.' पोटीस बांधून तिनं ते पिकवलं, फोडलं, धुतलं. आठवडाभर रोज. पुढं तो विषय कुणासमोर निघाला नाही.

तिला मूल उशिरा झालं. एकच, मुलगी. ती मुलगी, माझी पुतणी, लग्न होऊन नगरला गेली. जावई नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. सत्तावीस वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती. वहिनी बावन्न वर्षांची होती.

बाजाराचा दिवस होता. खिडकीशी रांग. मान वर केली तर समोर वहिनी. घरची म्हणून तिनं मागच्या दारानं यायला हवं होतं, पण ती रांगेतून आली होती. तिला केसपेपर हवा होता. तिच्या मागं बाकावर, शेजारच्या गावाहून ब्लडप्रेशर दाखवायला आलेले पुतणीचे सासरे बसले होते. वहिनीनं त्यांना पाहिलं नव्हतं. मी पाहिलं होतं.

ती खिडकीच्या अगदी जवळ आली आणि हळू आवाजात, पण एकही शब्द न चघळता म्हणाली, "भावजी, पाच वर्षं झाली माझं बंद हुऊन. आता दीड महिना झाला, पुन्यांदा जातंय. लाल. वास पन येतो. डॉक्टरांम्होरं माझं तोंड उघडायचं न्हाई, तुमी सांगा. तुमी लिवता ना, तसं लिवा."

हे बोलायला तिला काय लागलं असेल, याचा विचार मी नंतर पुष्कळ केला. दीर-भावजयीत हे बोलणं आमच्यात होत नाही. तिच्याजवळ दुसरं कोण होतं? भाऊ तापट. मुलगी दिवस भरलेली. डॉक्टर पुरुष, परका. मी एकटा असा, की जो तिचा होता आणि दवाखान्यातलाही होता. तिनं बरोबर माणूस निवडला होता.

मी व्याह्यांकडं पाहिलं. ते आमच्याकडंच बघत होते. मी हात वर केला. कळलं वहिनी, बसा, म्हणालो. आणि लिहिलं, अशक्तपणा.

मनात हे होतं की दुपारी गर्दी ओसरली की डॉक्टरांना एकटं गाठून सांगीन. ती आत गेली, डॉक्टरांनी पापणी बघितली, बाटली लिहिली. सुई मीच लावली. तिच्या हाताची शीर पटकन सापडायची नाही, दोनदा टोचावं लागलं. बाटली सुरू झाल्यावर तिनं विचारलं, "सांगितलं का?"

मी म्हणालो, "हो."

"काय म्हनले?"

"बाटलीनं बरं वाटेल म्हणाले."

तिनं डोळे मिटले. कपाळावरची आठी मोकळी झाली. ते मी पाहिलं.

दुपारी डॉक्टर जेवायला गेले ते एका व्हिजिटला परस्पर गेले. दुसऱ्या दिवशी सांगायचं तर काल चुकीचं लिहिलं हेही सांगावं लागलं असतं. तिसऱ्या दिवशी ते आणखी अवघड झालं. दर महिन्याला वहिनी बाटली लावायला यायची. थोडं कमी वाटतंय, असं पहिल्या दोन खेपांना म्हणाली. मला तेवढं पुरलं. डॉक्टरांना सगळं माहीत आहे आणि ही बाटली त्याचंच औषध आहे, अशा समजुतीनं ती येत होती. हे लिहायला मला आजही अवघड जातं. तिनं आजार लपवला नाही. ती उपचार घेत होती. निदान तिला तसं वाटत होतं.

मधल्या काळात पुतणीला मुलगी झाली. वहिनीनं शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, बाळाचं न्हाणं सगळं केलं. पुतणी नंतर मला सांगायची, आई न्हाणीतून येताना भिंतीला धरून बसायची आणि विचारलं तर म्हणायची, 'बाटली चालू हाय माझी. भावजी हायेत तिथं.'

आठव्या महिन्यात ती गोठ्यात कोसळली. भाऊ आणि मी तिला जीप करून नगरला घेऊन गेलो. तिथल्या लेडी डॉक्टरनी पडद्यामागं तपासलं आणि बाहेर येऊन हातमोजे काढता काढता सांगितलं, पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आहे, बराच पसरलेला. मग वहिनीजवळ जाऊन विचारलं, किती दिवस जातंय? ती म्हणाली, आठ-नऊ महिने.

डॉक्टर चिडल्या. "नऊ महिने अंगावर काढलंत? घरात एका माणसाला सांगावंसं वाटलं नाही?"

वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. भाऊ माझ्या शेजारी उभा होता. मी काहीच बोललो नाही. ती किती वेळ बघत होती मला सांगता येणार नाही. मग ती डॉक्टरांना म्हणाली, "माझंच चुकलं."

ती लपवालपवीची गोष्ट तिथं सुरू झाली. भाऊ बाहेर येऊन म्हणाला, बघ, या बायका अशा असतात. आणि मी मान हलवली.

ती पुढं पाच महिने जगली. शेवटी शेवटी मी वस्तीवर जाऊन इंजेक्शन द्यायचो. एका सकाळी घरात कुणी नव्हतं, पुतणी बाळाला घेऊन ओसरीवर उन्हात बसली होती. वहिनीनं विचारलं, "भावजी, तवा तुमी खरंच सांगितलं हुतं का?"

मी सिरिंजमध्ये औषध भरत होतो. भरत राहिलो. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या."

दहाव्याला नदीवर पुतणी रडताना म्हणाली, माझ्यामुळं झालं. माझं बाळंतपण चालू होतं म्हणून आई बोलली नाही. बायका तिला जवळ घेऊन समजूत घालत होत्या. मी चार हातांवर उभा होतो. एक वाक्य बोललो असतो तर तिच्या डोक्यावरचं ते उतरलं असतं. ते वाक्य मी त्या दिवशी बोललो नाही आणि पुढची सत्तावीस वर्षं बोललो नाही. भाऊ गेला तरी नाही. माझ्या बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

दवाखान्यात मात्र त्यानंतर मी अशक्तपणा लिहिणं कमी केलं. बायकांना मागच्या खोलीत बसवून दवाखान्यातल्या झाडलोट करणाऱ्या मावशींकडून विचारून घ्यायला लागलो. डॉक्टरांनी कारण विचारलं नाही. हे मी माझ्या बाजूनं म्हणून सांगत नाही. जिला उपयोग व्हायला हवा होता तिला झाला नाही.

यंदा फेब्रुवारीत पुतणीचा फोन आला. ती आता एक्कावन्न वर्षांची आहे, तिची ती मुलगी नोकरीला आहे. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग म्हणाली, "काका, डॉक्टरला दाखवायचं होतं. ह्यांची फर्स्ट शिफ्ट आहे आठवडाभर. तुम्ही याल का सोबत? तुम्हाला दवाखान्यातलं कळतं."

मी विचारलं, काय होतंय?

"काही नाही हो. अशक्तपणा वाटतो जरा."

तो शब्द माझाच होता. मग मी तिला विचारलं, आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या बाईला असं सरळ विचारलं, "पाळी गेलीय ना तुझी? परत काही जातंय का अंगावरून?"

पलीकडं तिनं दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "हो. दोनदा झालं. थोडंच."

थोडं असो की जास्त, उद्याच जायचं, मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं नगरला गेलो. एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, तिकीट मागताना तोंडात नगरच येतं. नागापूरहून तिला घेऊन रिक्षानं निघालो. रिक्षात ती म्हणाली, "मी आईसारखं लपवणार नाही, काका. बघा, तुम्हाला लगेच सांगितलं." माझ्या हाताला हात लावून म्हणाली. तो हात मला काढून घ्यावासा वाटला.

डॉक्टर तरुण बाई होत्या. मी बाहेर बसायला निघालो तर पुतणी म्हणाली, काका आत येऊ देत, मला सगळं लक्षात राहत नाही. डॉक्टर आधी तिला म्हणाल्या, तपासताना ते बाहेर थांबतील, आता बोलताना चालतील ना तुम्हाला? तिनं मान डोलावली. मग त्या विचारायला लागल्या. पाळी कधी गेली? किती वेळा रक्त दिसलं, किती? वास? संबंधानंतर कधी जातं का? लघवीवर ताबा? छातीत कधी गाठ हाताला लागली का? भाजीचा भाव विचारावा तितक्या साधेपणानं त्या विचारत होत्या आणि पुतणी हळूहळू सगळं सांगत होती. लघवीचंही सांगितलं, जे तिनं फोनवर सांगितलं नव्हतं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत ऐकत होतो. खिडकीशी मी ज्याला हात वर करायचो ते हेच सगळं होतं. विचारायला पाच मिनिटंही लागत नव्हती.

पाळी पूर्ण जाऊन वर्ष झाल्यावर एक डाग जरी दिसला तरी तो दाखवायचा असतो, डॉक्टर म्हणाल्या. बहुतेक वेळा साधं कारण निघतं, पण ते तपासून ठरवायचं, अंदाजानं नाही. मग त्यांनी विचारलं, पिशवीच्या तोंडाची तपासणी आधी कधी केली होती?

"नाही," पुतणी म्हणाली. "आमच्याकडं शिबिर झालं होतं दोन-तीनदा. मी गेले नाही. माझी आई त्यानंच गेली. भीतीच बसली."

"आईंना कधी कळलं होतं?"

"कळलं तेव्हा उशीर झाला होता. तिनं कुणाला सांगितलंच नाही. माझं पहिलं बाळंतपण होतं ना तेव्हा. माझ्यापायी ती गप्प बसली."

हे ती अगदी सपाट आवाजात म्हणाली, पाठ झाल्यासारखं. सत्तावीस वर्षं ती हे म्हणत आली होती, आणि त्यापायी तिनं स्वतःची एकही तपासणी केली नव्हती, हे मला त्या खोलीत पहिल्यांदा कळलं. म्हणजे माझं ते न बोललेलं वाक्य वहिनीपाशी थांबलं नव्हतं.

"तिनं सांगितलं होतं," मी म्हणालो.

दोघींनी माझ्याकडं पाहिलं.

"मला सांगितलं होतं. दीड महिन्यातच. डॉक्टरांना सांगा म्हणाली होती. मी कागदावर दुसरंच लिहिलं. तिला खोटं सांगितलं की सांगितलंय म्हणून. तुझ्या बाळंतपणाचा काही संबंध नव्हता, बाई. तुझा काहीच संबंध नव्हता."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. पुतणी माझ्याकडं बघत राहिली. हुबेहूब तिच्या आईसारखी. फरक एवढाच की ती गप्प बसली नाही.

"बाटली चालू आहे म्हणायची," ती म्हणाली. "भावजी आहेत तिथं म्हणायची."

"हो."

"म्हणजे ती..." मग ती म्हणाली, "तुम्ही बाहेर बसा."

मी बाहेर बसलो. तपासणी झाली, सोनोग्राफी झाली. परतीला रिक्षाच केली. नागापूरला उतरताना ती रिक्षावाल्याला म्हणाली, ह्यांना स्टँडवर सोडा.

पिशवीच्या आतलं अस्तर जाड झालं होतं, तुकडा तपासायला पाठवला होता. हे मला जावयानं फोनवर सांगितलं. दहा दिवस रिपोर्टची वाट पाहिली. एवढ्या वर्षांत मी हजारो लोकांना रिपोर्ट येईल हो, काळजी करू नका असं म्हणालो होतो. ते किती फुकटचं बोलणं असतं ते तेव्हा कळलं. रिपोर्ट चांगला आला. आतमध्ये एक छोटा कोंब होता, पॉलिप म्हणतात तसा, साधा, तो काढला. पिशवीच्या तोंडाची तपासणीही स्वच्छ आली. लघवीसाठी काही व्यायाम दिलेत. सहा महिन्यांनी परत दाखवायचं आहे. हेही सगळं जावयानंच सांगितलं.

चार महिने ती माझ्याशी बोलली नाही. मी फोन केला नाही. करण्याचा हक्क आहे असं वाटलं नाही. आषाढात तिचा स्वतःचा फोन आला. आवाज कोरडा होता. म्हणाली, तिच्या मुलीला तिनं सगळं सांगितलंय. मुलगी म्हणाली, आजीची गोष्ट आपण सगळे चुकीची सांगत आलो. घरात अजून माणसं तेच बोलतात.

"मी किती जणांना सांगू?" ती म्हणाली. "तुम्ही लिहा, काका. अक्षर चांगलं आहे ना तुमचं. लिहा, आणि दिवाळीला सगळे जमतील तेव्हा तुम्हीच वाचून दाखवा. मी वाचणार नाही."

मी विचारलं, "तू येशील ना?"

"बघते," म्हणाली.

म्हणून हे लिहितो आहे. दिवाळीला तीन आठवडे आहेत. माझी मुलं, सुना, नातवंडं, व्याही मंडळींतले कुणी, सगळे ओसरीवर बसतील. सुनांसमोर आणि पोरींसमोर हे शब्द मोठ्यानं म्हणताना माझा आवाज राहील का, माहीत नाही. पण वहिनीनं ते रांगेत उभं राहून, बाकासमोर म्हटले होते. मी घरात म्हणू शकलो पाहिजे.

तिचा केसपेपर मला आजही डोळ्यांसमोर दिसतो. पिवळसर कागद, डाव्या कोपऱ्यात मी मारलेली तारीख, मधे तो एक शब्द. तो आता कुठं सापडणार नाही. दवाखाना बंद झाला, डॉक्टर मुलाकडं गेले आणि तिथंच वारले. त्यावर जे असायला हवं होतं ते इथं लिहितो, तिच्याच शब्दांत.

वय बावन्न. पाच वर्षं झाली पाळी बंद होऊन. दीड महिना झाला, परत जातंय. लाल. वास येतो.

आणि तिनं मला दोनदा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. नाही, वहिनी. मी सांगितलं नव्हतं.